एका तासात बासष्ट मिलिमीटर

लोक वाढदिवसाला शर्ट देतात, पेन देतात, अगदीच जिवावर आलं तर फुलं देतात. माझ्या मेहुण्याने मला रक्ततपासणी दिली. 'संपूर्ण शरीर तपासणी, घरपोच' असं छापलेलं एक चकचकीत कूपन त्याने माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "भावोजी, पन्नाशीनंतर शरीर म्हणजे जुनं घर. कुठे गळतंय ते आधी कळलेलं बरं." गळती शोधायची एवढी हौस असेल तर त्याने स्वतःच्या डोक्यापासून सुरुवात करावी, असं माझं मत होतं. पण तो बायकोचा एकुलता एक भाऊ असल्यामुळे मी ते मत गिळलं आणि "वा, छान" म्हटलं.

इथे एक खुलासा केला पाहिजे. मला सुईची भीती वगैरे वाटत नाही. सुई दिसली की मला बाकीचं काही दिसत नाही, इतकंच. बटण लावायच्या सुईबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आमच्या घरात बटणं मीच लावतो. तक्रार आहे ती आतून पोकळ असलेल्या सुईबद्दल, कारण ती काहीतरी घेऊन जायलाच आलेली असते. तेव्हा कूपन कपाटात सारून त्याची मुदत शांतपणे संपू द्यायची, असं मी ठरवलं होतं. मेहुण्याने मात्र परस्पर फोन करून वेळही ठरवून टाकली. उत्साही नातेवाईक हा आजार कुठल्याच तपासणीत सापडत नाही.

शनिवारी सकाळी रक्तवाल्या बाई आल्या. चाळिशीच्या, घाईतल्या, खांद्याला मोठी पेटी. त्यांना त्या सकाळी अजून बरीच घरं करायची होती. त्यांनी माझ्या नावाच्या चिठ्ठ्या आधीच चिकटवलेल्या नळ्या टेबलावर ओळीने मांडल्या, माझ्या दंडाला रबर आवळलं आणि म्हणाल्या, "मूठ मिटा." मी मूठ मिटली. मग त्यांनी पेटीतून ती बाहेर काढली.

पुढचं जरा पटकन झालं. डोळे उघडले तेव्हा मी सोफ्यावर आडवा होतो. कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा पट्टीने नीट चिकटवलेला होता. बाई दारातून बाहेर पडत होत्या, आणि बायको अंगावर शाल ओढून, पाण्याचा पेला घेऊन उभी होती.

"झालं?" मी विचारलं.

"झालं," ती म्हणाली.

"कळलंसुद्धा नाही," मी म्हणालो, आणि यात अक्षराचीही अतिशयोक्ती नव्हती.

त्या दिवशी मी कापसाचा बोळा संध्याकाळपर्यंत काढला नाही. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून जिन्यात दोनदा उगाच जाऊन आलो. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ भेटले. त्यांना आमच्या इमारतीत सगळे सर्वज्ञ म्हणतात. त्यांनाही ते माहीत आहे आणि त्यांना तो बहुमान वाटतो. त्यांनी बोळ्याकडे पाहिलं. "काही नाही हो," मी म्हणालो, "दिलं थोडं रक्त. हूं नाही की चूं नाही." बायको मागे उभी होती. ती काहीच बोलली नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात मी तिच्या न बोलण्याचा अर्थ नेहमी 'संमती' असाच लावत आलो आहे.

रिपोर्ट फोनवर आला. उघडला, आणि मला स्वतःबद्दल नव्याने आदर वाटला. साखर उत्तम. कोलेस्टेरॉल तर इतकं देखणं की फ्रेम करून लावावं. तळलेलं खाण्यावरून या घरात माझा जो छळ होतो त्याला हे सणसणीत उत्तर होतं. हिमोग्लोबिन थोडं कमी होतं, पण ते चालायचंच. आणि मग, खाली, जाड अक्षरांत, शेजारी वर जाणाऱ्या बाणासकट एक ओळ होती: ईएसआर, बासष्ट मिलिमीटर. असायला हवा वीसच्या आत.

"बघू," म्हणून बायकोने फोन घेतला. बराच वेळ ती त्या ओळीकडे बघत राहिली. "बासष्ट म्हणजे खूप का हो?"

"वीसच्या ठिकाणी बासष्ट म्हणजे काय ते तूच बघ," मी म्हणालो. माझा आवाज आधीच थोडा क्षीण झाला होता.

मी प्रयोगशाळेत गेलो. खिडकीत बसलेल्या माणसाने रिपोर्ट पाहिला आणि आकडा बरोबर छापला आहे असं सांगितलं. मी म्हटलं, बरोबर छापला आहे हे दिसतंय, पण याचा अर्थ काय? तो म्हणाला, "आम्ही आकडा देतो. अर्थ डॉक्टर देतात." डॉक्टरांकडे फोन केला तर त्यांच्याकडची बाई म्हणाली, "गुरुवारी या. त्रास काय होतोय?" मी म्हटलं, "ईएसआर." ती म्हणाली, "तो त्रास नाही, तो रिपोर्ट आहे. त्रास काय?" त्रास हाच होता की मला काहीच होत नव्हतं. काहीतरी होत असतं तर निदान बोट ठेवून दाखवता आलं असतं.

गुरुवारपर्यंत अर्थ पुरवण्याचं काम सर्वज्ञांनी अंगावर घेतलं. ते रिपोर्ट घेऊन खिडकीपाशी गेले, उजेडात धरला, आणि "हं" म्हणाले. त्या "हं"ने माझं निम्मं रक्त आटलं.

"माझ्या साडूचा एकशेदहा होता," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय. गेला."

मी खुर्ची धरली. "कशाने?"

"विमानाने. मुलाकडे असतो आता. पण बिचाऱ्याने पथ्य कडक पाळलं हं. श्रम म्हणून करायचे नाहीत. वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, जोर लावायचा नाही. आणि दूध. भरपूर, साखर घालून. रक्ताला गोडवा लागतो."

मेहुणा धावत आला. कूपन आपण दिलं आणि आजार निघाला, याचा त्याला झालेला आनंद तो काळजीच्या आवाजात बोलून लपवत होता. "बघा भावोजी, म्हटलं होतं ना? गळती!" त्याने बिटाचा रस आणला. रोज सकाळी पेलाभर प्यायचा, असं फर्मावलं. लाल पदार्थ पोटात गेला की रक्त सुधारतं हा त्याचा सिद्धांत. या न्यायाने त्याला भेंडी खाऊ घालून मेंदू हिरवा होतो का ते पाहायला हवं होतं.

असा माझा आजार सुरू झाला. मी ऑफिसातून रजा काढली. दोन उशा पाठीशी घेऊन मी पलंगावर बसत असे आणि माणसं येऊन जात. आयुष्यात पहिल्यांदा लोक माझं बोलणं मध्येच न तोडता ऐकत होते. रात्री मात्र दिवा मालवला की तो आकडा डोळ्यांपुढे यायचा. मग मी छताकडे बघत मुलीच्या परीक्षेचा, गावाबाहेरच्या अर्धवट बांधलेल्या घराचा आणि माझ्यानंतर बटणं कोण लावणार याचा विचार करायचो. बायकोही जागी असायची. ती माझ्यासाठी जागी आहे हे मी धरूनच चाललो होतो.

एकदा मला कुतूहल वाटलं की बासष्ट मिलिमीटर म्हणजे नक्की केवढं. मुलीची पट्टी आणून मी माझ्या करंगळीला लावली. जवळजवळ तेवढंच भरलं. "अगं, हात दे, तुझी करंगळी बघू," म्हणून मी बायकोचा हात ओढला, तर "आई गं!" करून तिने तो झटक्यात मागे घेतला.

"एवढं काय झालं ओरडायला?"

"काही नाही. तुम्ही जोरात ओढलात."

आजारी माणसाच्या हातात जोर तो किती असणार! पण बायकांना निमित्त लागतं, असं म्हणून मी पट्टी ठेवून दिली.

बरण्यांचंही तसंच. गेले काही महिने ती स्वयंपाकघरातली प्रत्येक घट्ट झाकणाची बरणी माझ्यापुढे सरकवायची. "उघडा जरा." उशिरा का होईना, तिला पुरुषाच्या मनगटाची किंमत कळली, अशी माझी समजूत होती. आता मात्र तिने बरणी पुढे केली की मी डोळे मिटून म्हणायचो, "माझा ईएसआर बासष्ट आहे. जोर लावायला मनाई आहे." मग ती बरणी घेऊन आत जायची. चमच्याने झाकणाच्या कडा ठोकल्याचा आवाज यायचा, गरम पाण्याचा नळ सोडल्याचा आवाज यायचा. माझ्या डोक्याला तो आवाज सोसवत नसे, आणि तसं मी बोलूनही दाखवलं.

गुरुवारी डॉक्टरांनी मला सगळीकडून ठोकून पाहिलं. म्हातारे, शांत गृहस्थ. मी म्हणालो, "डॉक्टर, मला खरं ते सांगा."

"खरं सांगू? एका लांब बारीक नळीत रक्त उभं करून ठेवतात. एक तास. त्याला धक्का लावायचा नाही, काही नाही. तांबड्या पेशी हळूहळू खाली बसतात. तासाभरात किती मिलिमीटर खाली बसल्या, तो हा आकडा. शरीरात कुठे सूज असली, जंतू असले, की त्या एकमेकींना चिकटतात आणि लवकर खाली जातात."

"पण मला झालंय काय?"

"ते यावरून नाही कळत. दारावर कुत्रं भुंकतंय, एवढंच कळतं. चोर आलाय की पोस्टमन, ते उठून बघावं लागतं. कधी कधी उगाचही भुंकतं. तुम्हाला ताप? वजन उतरलंय? कुठे दुखतंय?"

कुठेच दुखत नव्हतं. मला स्वतःचीच लाज वाटू लागली. एवढा आकडा घेऊन यायचं आणि सोबत एकही दुखणं आणायचं नाही, म्हणजे लग्नाला नवरदेवाशिवाय वरात नेण्यासारखं. तेवढ्यात शेजारी बसलेली बायको म्हणाली, "सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का, ते विचारा ना यांना."

डॉक्टरांनी माझी बोटं दाबून पाहिली. "आखडतात?"

"छे!"

"आणि आखडत असतील तर?" तिने विचारलं. "म्हणजे तासभर वगैरे. मूठ मिटत नसेल तर?"

"तर मात्र लवकर बघायला हवं. वेळेत औषध सुरू केलं तर सांधे वाचतात. पण यांची बोटं चांगली आहेत."

"हो," ती म्हणाली. "यांची चांगली आहेत."

माझ्या आजाराचा तिने इतका बारीक विचार केला आहे हे बघून मला भरून आलं.

डॉक्टर म्हणाले, दोन आठवड्यांनी सगळंच पुन्हा तपासू. ते दोन आठवडे मी सर्वज्ञांचं दूध आणि मेहुण्याचा रस यांवर काढले. यावेळी रक्त द्यायला प्रयोगशाळेतच गेलो. बायको सोबत होती. तिने माझं डोकं आपल्या पोटाशी दाबून धरलं आणि म्हणाली, "इकडे बघा, माझ्याशी बोला." मी तिला बोहारणीला द्यायच्या जुन्या कपड्यांबद्दल काहीतरी सांगत होतो आणि तेवढ्यात झालंही. या वेळी टोचलेलं कळलं. गेल्या वेळी कसं काय कळलं नाही, असं तेव्हाच मनात यायला हवं होतं; पण मी स्वतःच्या धैर्याचं कौतुक करण्यात गुंतलो होतो.

रिपोर्ट आला. ईएसआर आठ!

डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. आठ बघून ते हसले नाहीत. "साखर वाढलीय तुमची. कोलेस्टेरॉल तर बघवत नाही. दोन आठवड्यांत?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हा माणूस तोच आहे ना?" मी मोठ्याने हसलो. बायको फरशीकडे बघत होती.

संध्याकाळी घरात विजयोत्सव झाला. सर्वज्ञ म्हणाले, दुधाचा गुण. मेहुणा म्हणाला, बिटाचा. दोघांची चांगलीच जुंपली. एकाने दुसऱ्याच्या साडूपर्यंत मजल नेली. मी मध्ये बसून उदार मनाने दोघांनाही श्रेय वाटत होतो. साखरेचं मी कुणाला बोललो नाही. मृत्यूच्या दारातून परत आलेल्या माणसाला साखरेवरून टोकणं बरं दिसत नाही.

सगळे गेले. बायको स्वयंपाकघरात खुर्चीवर नुसती बसली होती. समोर ओट्यावर एक बरणी, बंद.

"अहो," ती म्हणाली, "मग तो बासष्ट गेला कुठे?"

"उतरला!"

"तो उतरला नाही. तो माझा आहे."

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. त्या शनिवारी सुई बघून मी जो आडवा झालो तो झालोच. रक्तवाल्या बाई म्हणाल्या, बेशुद्ध माणसाचं रक्त मी घेणार नाही, पुन्हा कधीतरी वेळ ठरवून बोलवा. बायकोला वाटलं, भावाने दिलेलं कूपन वाया जाईल, आणि तशी तिची बोटं बरेच दिवस दुखतच होती. तिने विचारलं, माझं घेतलं तर चालेल का? बाई म्हणाल्या, चालेल, नाव मी तिकडे गेल्यावर बदलते. आणि घाईत ते राहून गेलं. उठल्यावर मला कसंतरी वाटू नये म्हणून तिने कापसाचा आणखी एक बोळा मागून घेतला आणि माझ्या कोपराला लावला. स्वतःचा शालीखाली झाकला.

एवढं ऐकून मी काय विचारावं? "म्हणजे... त्या बाईंसमोर मी घोरत होतो का?"

ती खळखळून हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग नुसतं पाणीच येत राहिलं.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"कधी बोलू? तुम्ही जिन्यात जाऊन सांगून आला होतात, हूं नाही की चूं नाही. मग रिपोर्ट आला तर तुम्ही लगेच उशा घेऊन बसलात. घरात एक जण आजारी होता ना. दुसऱ्याने कधी आजारी पडायचं?" तिने पदराने डोळे पुसले. "आणि मला भीती वाटत होती. तुमच्या नावावर होता तोवर सगळे मिळून त्याची काळजी करत होते. मीसुद्धा तुमचीच काळजी करतेय असं समजून करत होते. बरं वाटायचं."

मी तिचा हात हातात घेतला. या वेळी ओढला नाही. बोटांची पेरं सुजून लाल झाली होती. अंगठी नव्हती. ती कधी काढली, मला माहीत नव्हतं. याच हातांनी तिने रोज मला दुधाचा पेला आणून दिला होता, आणि मी उशीला टेकून तो फार गरम आहे म्हणून परत पाठवला होता. मला फार वाईट वाटलं. दुसरा काही शब्द सुचत नाही. डॉक्टर म्हणाले होते, एक तास धक्का न लावता ठेवायचं आणि बघायचं. ज्या माणसाबरोबर आयुष्य काढलं त्याच्याकडे सलग एक तास मी कधी पाहिलं होतं, हे मला आठवेना.

ती झोपायला गेल्यावर काहीतरी केल्याशिवाय मला चैन पडेना. म्हणून मी स्वयंपाकघरातल्या एकूण एक बरण्यांची, डब्यांची झाकणं सैल करून ठेवली. सकाळी तिने डाळीची बरणी झाकणाला धरून उचलली. झाकण तिच्या हातात राहिलं आणि बरणी डाळीसकट फरशीवर फुटली. मी धावत गेलो आणि मोठ्या अभिमानाने सांगितलं की हे मी केलंय. तिने मला झाडू दिला. काचा आणि डाळ वेगळी करण्यात माझा निम्मा दिवस गेला, आणि सर्वज्ञ दारातून "वाकू नका, वाकू नका" म्हणत उभे होते.

डॉक्टरांनी तिचे हात पाहिले. एकेक सांधा हलकेच दाबला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता बरोबर पेशंट आला." सांध्यांना सूज आहे, बहुधा शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटलंय, नक्की काय ते कळायला अजून काही तपासण्या हव्यात. पूर्ण जाईल असं त्यांनी सांगितलं नाही. पण लवकर आलात, औषधांनी हात चांगले राहू शकतील, असं म्हणाले. लवकर आलो ते माझ्यामुळे नव्हे, एवढं मला कळत होतं.

पुन्हा रक्त द्यायला गेलो, तर त्याच रक्तवाल्या बाई. त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि कोणाला बसवायचं म्हणून थांबल्या. बायको खुर्चीवर बसली. मी तिच्या शेजारी उभा राहिलो. "तुम्ही बाहेर बसा हवं तर," ती म्हणाली. मी म्हटलं, नाही. या वेळी मी सगळं बघणार आहे. बाईंनी चिठ्ठीवरचं नाव वाचून दाखवलं, तिने मान हलवली. मी तिच्या दुसऱ्या हाताची बोटं अगदी सैल धरली आणि डोळे उघडे ठेवले. सुई आत गेली. तिच्या कपाळावर आठी आली आणि गेली. नळीत रक्त चढायला लागलं, दाट, काळपट लाल. मी बघत होतो.

डोळे उघडले तेव्हा मी बाकावर आडवा होतो. बायको वाकून माझ्या तोंडावर पाणी शिंपडत होती. मी सगळ्यात आधी माझ्या कोपराकडे पाहिलं. कापूस नव्हता. कापूस तिच्या हाताला होता.

"झालं?" मी विचारलं.

"झालं," ती म्हणाली. "माझ्याच नावावर."